कुलूपकाकाची बाही

४ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार, आशीर्वाद, गोड पापा, जे ज्याचं असेल ते ज्याला त्याला वाटून दे. बबडीला पापा दोन जास्त. मी बरी आहे, जेवतेय, झोपतेय, दाढ दुखायची थांबलीय.

पत्र तू कामाला जातेस त्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतेय, घरच्या नाही. तुझ्या मालकीण चष्मेवाल्या बाईंना सांग, यात गुपित काही नाही, नुसती सवय. तुझ्या फोनवर काही लिहायला माझा हातच धजत नाही. मागे भाऊजींनी माझा मेसेज सगळ्या पाहुण्यांसमोर नाटकातल्यासारखा वाचून दाखवला होता, आठवतं? सगळे पोट धरून हसले. मीसुद्धा हसले.

तर बातमी अशी की आमचं कार्टून अखेर लागतंय. चोवीस तारखेपासून, सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सहाला. तू मागे विचारलं होतंस, “सगळी चित्रं तूच काढतेस?” नाही गं. एकच पात्र चाळीस जण चाळीस टेबलांवर बसून काढतात. प्रत्येकाने आपल्या मनाने काढलं तर नाक सकाळी लांब आणि दुपारी आखूड व्हायचं. म्हणून आधी मॉडेल शीट करतात. मोठ्या कागदावर तोच माणूस समोरून, अर्धा वळलेला, बाजूने, पाठीमागून. उंची किती डोक्यांची, हात किती जाड. शेजारी हसताना, रडताना, चिडताना. आणि त्याच्या लकबी. तो कागद भिंतीवर लागला की तोच कायदा, त्याच्याबाहेर कोणी रेघ मारायची नाही. तो कागद मी करते.

कार्टूनमधली मुलं आणि त्यांची शेळी लगेच पास झाली. अडलं ते खलनायकापाशी. त्याचं नाव कुलूपकाका. बागेचा राखणदार आहे, झोपाळ्याला कुलूप, घसरगुंडीला कुलूप, पाण्याच्या नळालाही कुलूप. मी त्याला पाच वेळा काढलं आणि डायरेक्टरने पाच वेळा परत केलं. “हा चिडला की नुसता ओरडतो,” तो म्हणाला. “ओरडणाऱ्याला मुलं घाबरत नाहीत. मला घाबरवून दाखव.”

सहाव्यांदा मी दुपारी काढायला बसले आणि अर्ध्या तासात झालं. कसं सुचलं देव जाणे. डायरेक्टरने बघितलं आणि सगळ्यांना हाका मारून बोलावलं. मला खूप आनंद व्हायला हवा होता.

एक विचारू? भाऊजी शाळेतून किती वाजता येतात हल्ली? सहाला घरी असतात का? आणि टीव्ही बाहेरच्याच खोलीत आहे ना अजून? नसतील घरी तर उत्तमच. असले तर बबडीला त्या वेळी मैत्रिणीकडे पाठव, किंवा टीव्हीची तार मागून जरा ढिली कर. हसू नकोस. माझं पहिलंच मोठं काम आहे, लाज वाटते, एवढंच समज.

तुझी,
चिंगी

ता. क. तार खरंच ढिली कर.



१४ मार्च

ताई,

तुझं चार ओळींचं उत्तर मिळालं. “टीव्हीचं काय मधेच? बबडीने सगळ्या मैत्रिणींना सांगितलंय. हेही कौतुकाने वाट बघताहेत. इकडे सगळं ठीक.”

‘इकडे सगळं ठीक’ हे तू अकरा वर्षं लिहितेस. आणि मी अकरा वर्षं ते वाचून पत्र घडी करून ठेवते. या वेळी मला ते ठेवता आलं नाही. दोन दिवस हातातच होतं.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. कसं सुचलं ते मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात पहिला एपिसोड आम्हा सगळ्यांना दाखवला. तोवर मी कुलूपकाकाला कागदावरच बघितलं होतं, हलताना नाही. मुलं झोपाळ्याचं कुलूप तोडतात आणि तो येतो. ओरडत नाही. हसतो. मग उजव्या मनगटाचं बटण काढतो, बाहीची एक घडी घालतो, तळव्याने ती सपाट करतो, दुसरी घडी घालतो, कोपरापर्यंत. अगदी सावकाश. आणि गुणगुणतो. आवाज देणाऱ्याला कोणी सांगितलं होतं गुणगुणायला? शीटवरच लिहिलेलं होतं, माझ्या अक्षरात: ‘घाई नाही. गुणगुणत.’

सगळी खोली हसली आणि मग एकदम गप्प झाली. डायरेक्टर टाळ्या वाजवत होता.

तोंड भाऊजींचं नाही, ताई. नाक जाड आहे, मिशा आहेत, पोट आहे. रस्त्यात कोणी ओळखणार नाही. पण ती बाही त्यांचीच आहे. आणि ती मी कुठे बघितली ते तुला माहीत नाही, कारण मी तुला कधी सांगितलं नाही.

मी एकोणीस वर्षांची होते. कॉलेजच्या प्रवेशासाठी चित्रं काढायला तुझ्याकडे आले होते. बबडी आठ महिन्यांची, पाळण्यात. तुला वाटलं मी आतल्या खोलीत झोपलेय. मी झोपले नव्हते, पाळण्याची दोरी धरून तिचं चित्र काढत होते. दूध उतू गेल्याचा वास आला. दाराच्या फटीतून भाऊजी दिसले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहून ते गुणगुणत बाही दुमडत होते. पहिली घडी, तळवा, दुसरी घडी. मला वाटलं सांडलेलं दूध पुसायला चालले आहेत. किती चांगला नवरा, असंही मनात आलं. मग त्यांनी आत जाऊन दार लावून घेतलं. आवाज एकदाच आला. भांड्याचा नव्हता.

बाहेर आले तेव्हा ते बाही सरळ करून बटण लावत होते. मला म्हणाले, “काय गं चिंगे, उठलीस? चहा घेणार?”

मी “हो” म्हटलं.

तू चहा आणलास. डाव्या हाताने कप पुढे केलास. उजवा पदराखाली होता. मी तुझ्याकडे न बघता तो चहा प्यायले, पूर्ण. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने परत गेले, परीक्षेचं कारण सांगून. परीक्षा नव्हती.

हे नऊ वर्षं माझ्या पोटात होतं आणि मला वाटत होतं मी ते विसरले. हात विसरला नव्हता.

एपिसोड बघितल्यावर मी काय नाही केलं! नवं शीट केलं, त्यात कुलूपकाका बाही न दुमडता नुसता किल्ल्या वाजवतो. डायरेक्टर म्हणाला, “चौदा एपिसोड काढून झालेत. आणि तेवढंच तर लक्षात राहणार आहे.” मी पाय धरायचेच बाकी ठेवले. आमच्याकडे रेषा तपासायला एक जण आहेत, साठी उलटलेले, सगळे त्यांना आजोबा म्हणतात. ते मला पाण्याच्या नळापाशी घेऊन गेले.

“हे मनाने काढलेलं नाही,” ते म्हणाले. “हे बघून काढलंय. कोण आहे तो?”

“कोणी नाही.”

“तुला काही करेल का?”

“मला नाही,” मी म्हटलं. मग माझ्याच लक्षात आलं मी काय बोलले ते.

आणि काल भाऊजींचा फोन आला.

“काय म्हणताहेत आमच्या चित्रकार बाई?” नेहमीसारखे हसत होते. “वर्गातल्या सगळ्या पोरांना सांगून ठेवलंय, माझ्या मेहुणीचं कार्टून आहे, भूगोल नंतर करा, आधी ते बघा. सोमवारी आम्ही सगळे एकत्र बसणार. तुझा तो राखणदार म्हणे भारी आहे?”

“ठीक आहे,” मी म्हटलं.

“कोणावरून काढलास गं?”

गंमत म्हणून विचारलं असेल. नसेल. मला कळत नाही. मी काय उत्तर दिलं तेही आठवत नाही.

ताई, त्यांनी ओळखलं तर ते माझ्यावर चिडणार नाहीत. मी तीनशे किलोमीटर लांब आहे. तू एका भिंतीपलीकडे आहेस. मी तुला वाचवलं तर नाहीच, वर तुझ्या घरात ही काडी टाकली.

माझ्याकडे दोन खोल्या आहेत. बबडीला घेऊन सोमवारच्या आधी ये. कारण काहीही सांग. मी मेले म्हणून सांग.

चिंगी



२७ मार्च

प्रिय चिंगे,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव-गाव लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. हे पत्र वाचून झालं की फाड.

तुझं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. डोळे तपासायच्या खोलीत दार लावून वाचलं. बाईंनी बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबवून ठेवली आणि मला काहीही विचारलं नाही. आधी मी तुझ्यावर चिडले. नऊ वर्षं मी समजत होते की निदान तुला तरी माहीत नाही. एका माणसासमोर तरी मी सुखी आहे. तेही गेलं, म्हणून चिडले. मग चिडायला वेळ उरला नाही.

चहाचं मनावर घेऊ नकोस. तू लेकरू होतीस. चहा केला कोणी? मीच ना.

टीव्हीची तार मी रविवारी ढिली केली. यांनी पाच मिनिटांत जोडली. ‘यांनी’ लिहायची सवय आहे, ती हाताची लगेच सुटत नाही.

सोमवारी यांनी शेजारची चार मुलं बोलावली, मधोमध खुर्ची टाकून बसले. मी दारात उभी. तुझं नाव शेवटी लागतं हे मला माहीत नव्हतं, सुरुवातीपासून शोधत होते. मग तो राखणदार आला. हे सगळ्यांत मोठ्याने हसले. त्याने मनगटाचं बटण काढलं, आणि हे मांडीवर थाप मारून ओरडले, “बघा, बघा! आता हाणणार!”

चिंगे, पडद्यावर अजून काहीच झालं नव्हतं. शेजारची मुलं नुसती बघत होती. पुढे काय होणार हे त्यांना कळलं नव्हतं. यांना कळलं होतं. आणि तरीही स्वतःला ओळखलं नाही. मी यांच्या तोंडाकडे बघत होते, कुठे काही हललं नाही. तू म्हणालीस तसं, ओळखलं तर काय होईल, याची मलाही भीती होती. पण न ओळखणारा हा माणूस बघून मला त्याहून जास्त भीती वाटली.

आणि बबडी उठली. रस्त्याकडची खिडकी लावली. मग दुसरी. मग गॅलरीचं दार. शेजारची मुलगी म्हणाली, “अगं उकडतंय, का लावतेस?” बबडीलाही माहीत नव्हतं का लावतेय ते.

मला माहीत होतं. तशी वेळ आली की मी खिडक्या लावते, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. याच क्रमाने. मला वाटायचं ती झोपलेली असते.

मंगळवारी हा शाळेत गेल्यावर बबडीचं दप्तर, तिचे कपडे आणि माझे कागद घेतले. तुझ्याकडे आले नाही, कारण हा आधी तिथेच येईल. बाईंच्या ओळखीत एका ठिकाणी आहोत. संध्याकाळी तो दुकानात आला होता. बाई म्हणाल्या, “सुट्टी सांगून गेली, मला काय विचारता? मीच तुम्हाला विचारणार होते.” पंचाहत्तर वर्षांच्या बाई इतकं सफाईदार खोटं बोलतात! तो नमस्कार करून हसत गेला.

तुझ्या स्टुडिओतही येईल. हसतच येईल, काहीतरी खाऊ घेऊन येईल. सगळ्यांना आवडेल. दारावरच्या माणसाला सांगून ठेव. एकटी राहू नकोस.

काल मी पोलीस चौकीत गेले. बाई बरोबर होत्या. तिथे एक महिला अधिकारी आहे, तरुण, तुझ्याएवढीच. तिने सगळं लिहून घेतलं. कधी, किती वेळा, असे आकडे विचारले. मला सांगता आले नाहीत. शेवटी म्हणाली, “घराबाहेरच्या कोणी बघितलंय का?” अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर होतं. मी म्हटलं, “बहिणीने.”

पुढच्या शुक्रवारी, चार तारखेला अकरा वाजता त्यालाही बोलावलंय. तुला त्याच्यासमोर सांगावं लागेल. मी तुला ये म्हणत नाही. तुला किती भीती वाटते ते मला माहीत आहे, माझी आणि तुझी एकाच दुकानातली आहे. नाही आलीस तरी तू माझी चिंगीच. उत्तर बाईंच्या नावाने टाक.

वाट बघते आहे, हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

तुझी,
ताई



१ एप्रिल

प्रिय ताई,

येते.

हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. आता ऐक. काल तो आला.

दुपारी, जेवणं नुकतीच झाली होती. दारावरच्या माणसाला मी सांगून ठेवलं होतं, पण त्याने त्यालाही बोलण्यात गुंडाळलं. मान वर करून बघते तर माझ्या टेबलासमोर उभा. हातात बिस्किटांचा मोठा डबा. “सगळ्यांसाठी,” म्हणाला. डायरेक्टर केबिनमधून बाहेर आला, दोघांनी हस्तांदोलन केलं. तो म्हणाला, “माझे विद्यार्थी तुमच्या राखणदारावर फिदा आहेत हो!” सगळे हसले. रंग भरणाऱ्या मुलींनी डबा फोडलासुद्धा.

डायरेक्टर आत गेल्यावर तो खाली वाकला. “चिंगे, पत्ता सांग. पोरीची परीक्षा आहे.”

“मला माहीत नाही.”

“माहीत आहे.”

मी पेन्सिल दोन्ही हातांनी धरली. मी म्हटलं, “माहीत असता तरी सांगितला नसता.”

तो सरळ उभा राहिला. माझ्याकडे बघून हसला. आणि ताई, त्याने मनगटाचं बटण काढलं.

मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच मला गुणगुणणं ऐकू आलं. मग मला दुसरंच काहीतरी ऐकू आलं. खोलीतल्या पेन्सिली थांबल्या. एकामागून एक, माझ्या शेजारची, तिच्या पलीकडची, पार खिडकीपर्यंत. मी डोळे उघडले. चाळीसच्या चाळीस माणसं त्याच्या हाताकडे बघत होती. वर्षभर त्यांनी ती बाही काढली आहे. पहिली घडी किती रुंद, तळवा कुठून कुठे फिरतो, दुसऱ्या घडीला अंगठा आत जातो की बाहेर. हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. रंग भरणारी एक मुलगी अर्धं बिस्किट हातात धरून म्हणाली, “कुलूपकाका.” हळूच म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं.

त्याने वळून बघितलं. मागच्या भिंतीवर माझं शीट आहे, माणसाच्या उंचीचं. समोरून, बाजूने, पाठीमागून, आणि खाली आठ चित्रांत ती बाही. तो तिथे बघत राहिला, मग स्वतःच्या हाताकडे. दुसरी घडी अर्ध्यात राहिली होती. मी त्याच्या तोंडावर इतकं रिकामं काही कधी बघितलं नव्हतं.

मग ते रिकामपण भरलं, आणि कशाने भरलं ते मी तुला लिहिणार नाही. पण तोवर आजोबा माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभे राहिले होते. मग रंगवाल्या मुली. मग सगळेच. कोणी त्याला हात लावला नाही, नुसते उभे राहिले. तो म्हणाला, “छान आहे हं तुमचं काम,” आणि गेला. जिन्यावरून त्याची पावलं संपूर्ण खाली जाईपर्यंत आम्ही ऐकत होतो.

मग मी रडले. डायरेक्टरने विचारलं, “ती बाही आपण काढून टाकूया का? मी चॅनेलशी बोलतो.” मी म्हटलं, राहू दे. कुठल्या तरी घरात अजून एखादी मुलगी खिडक्या लावत असेल, तर तिची आई ते बघेल.

भीती गेली असं समजू नकोस. काल घरी एकटी गेले नाही, रंगवालीकडे झोपायला गेले. जिन्यावर कोणी खाकरलं तरी दचकते. शुक्रवारी त्याच्यासमोर बोलताना जीभ टाळूला चिकटेल, मध्येच रडेन, तारखा चुकवेन. ती अधिकारी वैतागली तर तिला सांग, हिला वेळ द्या. पण जे बघितलं ते सांगेन. दार लावल्यानंतरचं मला दिसलं नाही, ऐकू आलं, तेही तसंच सांगेन. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

आजोबा माझ्याबरोबर येताहेत. म्हणाले, “मीही आता बघितलंय.” गुरुवारी दुपारच्या बसने निघतो.

बबडीला सांग, मावशी येतेय. परत कधी जाणार विचारलं तर सांग, अजून ठरलेलं नाही.

खूप घाबरलेली, पण वाटेला लागलेली,
तुझी चिंगी